सत्तावीस टक्के म्हणजे कुणाचे?

‘विदर्भाची वीज मुंबईला पळवतात’ हे वाक्य कळंबात वाढलेल्या पोराने दहावी व्हायच्या आत शंभरदा ऐकलेलं असतं. डीपी जळाली की ऐकू येतं, निवडणूक आली की ऐकू येतं, बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तर कारण नसतानाही ऐकू येतं. आता ते व्हॉट्सॲपवर नकाशासकट फिरतं. चंद्रपूरपासून मुंबईपर्यंत एक लाल बाण आणि खाली ‘जागे व्हा’. मला या वाक्याचा राग येतो. आमच्या बाजूचं असूनही येतो. कारण ते चुकीच्या गोष्टीवर ओरडतं, आणि त्या गोंगाटात ज्यावर ओरडायला हवं ते तसंच सुटून जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. शेजाऱ्यांनी एकमेकांना वीज द्यावी, घ्यावी, विकावी. जिल्ह्यांनी, राज्यांनी आणि देशांनीही. त्यात कुणी कुणाचं पळवत नाही. लबाडी होते ती दुसऱ्या ठिकाणी. विजेचा करार करायला दोन सरकारं बसतात, टक्केवारी ठरते, सह्या होतात. ज्या गावाच्या जमिनीवर, पाण्यावर किंवा छातीतल्या श्वासावर तो करार उभा राहतो, त्या गावाला फार तर एकदा भरपाई मिळते. हिस्सा मिळत नाही. भरपाई एकदा मिळते आणि संपते. हिस्सा केंद्र चालू आहे तोवर मिळत राहतो. आपण गेली साठ-सत्तर वर्षं गावांना पहिला शब्द देत आलो आणि दुसरा सरकारांनी आपसात ठेवून घेतला.

आता त्या लाल बाणाबद्दल. माझी डिग्री इलेक्ट्रिकलची आणि नोकरी कोड लिहायची. (माझ्या बॅचच्या अर्ध्याहून जास्त पोरांचं हेच आहे, त्यामुळे हसू नका.) पण चार वर्षांत एवढं तरी डोक्यात बसलं की वीज तुरीसारखी पोत्यात भरून नेता येत नाही. चंद्रपूरच्या केंद्रातलं अमुक एक युनिट मुंबईतल्या अमुक एका एसीत गेलं असं कुणीही दाखवू शकत नाही. सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज ओततात आणि सगळे ग्राहक त्याच जाळ्यातून उपसतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यावर आलं. तेव्हापासून कळंबच्या विजेचा आणि कन्याकुमारीच्या विजेचा ताल एकच आहे, सेकंदाला पन्नास. एकत्र असण्याचे धोकेही आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला बिना-ग्वाल्हेरची एक लाईन बंद पडली आणि बघता बघता अर्ध्या हिंदुस्थानात अंधार झाला. तरीही कुणी जाळं तोडून आपापली वेगळी चूल मांडली नाही, कारण वेगळ्या चुलीचा खर्च परवडत नाही.

चंद्रपूर ते पडघे ही डीसी लाईन साडेसातशे किलोमीटरची आहे आणि दीड हजार मेगावॅट वाहून नेते. बाण दाखवायचाच तर तो हिचा दाखवावा लागेल. पण चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र एकट्या विदर्भाच्या गरजेसाठी कुणी बांधलं असतं का? आणि पलीकडच्या टोकाला जी दुकानं, कारखाने, मॉल आहेत ते चढ्या दराने बिल भरतात, म्हणून शेतीपंपाचा दर इतकी वर्षं खाली ठेवता आला. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार भरतं, तेही शेवटी याच तिजोरीतून. पळवापळवीच्या गोष्टीत हा परतीचा बाण कुणी काढत नाही.

हे सगळं मी एकदा शेजारच्या काकांना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरा, तुह्या ग्रिडचं मले काय सांगतं? मले दिवसा लाईन पायजे.”

काका बरोबर होते, आणि माझा हिशोबही बरोबर होता. दोन्ही एकाच वेळी खरं असणं हाच या विषयातला पेच आहे. वणीचा कोळसा आमच्याच जिल्ह्यातून निघतो. आपला कोळसा शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते, आणि ती राख मुंबईला जाणाऱ्या लाईनमधून जात नाही, इथेच पडते. चंद्रपूरच्या केंद्रासाठी इरई नदी अडवली. आणि ज्या विदर्भातून एवढी वीज निघते तिथला शेतकरी आठवड्यातले काही दिवस रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात जातो, साप-विंचवाच्या भीतीने पाय आपटत, कारण थ्री फेज तेव्हाच असते. ‘वीज मुंबईला जाते’ ही त्याची तक्रार नाहीच. ‘माझं इथून जे जातं त्यात मी कुठे आहे’ ही त्याची तक्रार आहे.

ही तक्रार फक्त आपली नाही, हे मला कामामुळे कळलं. आमच्या कंपनीचा एक क्लायंट डेन्मार्कचा आहे. तिकडचा एक सहकारी कॉलवर म्हणाला की आज रात्री वारा जोरात आहे, वीज स्वस्त, म्हणून भांडी धुवायचं मशीन रात्री लावणार. फोनवर तासातासाचा दर दिसतो त्यांना. मी हसलो, कारण आमच्याकडेही रात्री उठून मोटार लावतात, फक्त कारण वेगळं. मग कुतूहलाने वाचत गेलो आणि नॉर्वेपर्यंत पोहोचलो.

नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्यामध्ये स्कागेराक नावाचा समुद्र आहे. १९७०च्या दशकात त्याच्या तळाशी विजेच्या दोन केबल टाकल्या, १९९३ मध्ये तिसरी, २०१४ मध्ये चौथी. मिळून साधारण १,७०० मेगावॅट. डेन्मार्ककडे वारा आहे, नॉर्वेकडे डोंगर आणि धरणं. वारा सुटला की डेन्मार्कची जास्तीची वीज नॉर्वेत जाते आणि नॉर्वे आपली टर्बाइन मंद करून पाणी साठवून ठेवतो. वारा पडला की नॉर्वे पाणी सोडतो आणि वीज उलटी जाते. विरजण उसनं घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडचं द्यावं, तसा हा शेजार आहे. यात डेन्मार्कला स्वतःची धरणं बांधावी लागली नाहीत, बांधायला डोंगरही नाहीत, आणि नॉर्वेला कोरड्या वर्षात आधार मिळाला. १९९६ मध्ये नॉर्वे आणि स्वीडनने मिळून विजेचा सामाईक बाजार सुरू केला. पुढे डेन्मार्क आणि फिनलंडही त्यात आले. शेजाऱ्यांचे संबंध कसे असावेत यावर भाषणं देणाऱ्यांनी आधी ही केबल बघावी.

आता गंमत बघा. २०२१ मध्ये नॉर्वेने जर्मनी आणि ब्रिटनलाही केबल जोडल्या. त्याच सुमारास युरोपात गॅस महागला, मग युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि दक्षिण नॉर्वेत विजेचे दर भडकले. उत्तर नॉर्वेत मात्र ते खालीच राहिले, कारण तिथून दक्षिणेला जाणाऱ्या लाईनच पुरेशा नाहीत. मग तिकडेही तेच वाक्य जन्माला आलं: आमची वीज बाहेर पळवतात. जानेवारी २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या ऊर्जा नियमांवरून भांडण होऊन सत्तेतला एक पक्ष सरकारमधून बाहेर पडला. म्हाताऱ्या झालेल्या पहिल्या दोन स्कागेराक केबल बदलायच्या की नाही, हा निवडणुकीचा मुद्दा झाला. पन्नास वर्षांचा शेजार एका बिलापायी डळमळला.

एवढं वाचून ‘बघा, गोरे पण आपल्यासारखेच’ म्हणून थांबता आलं असतं. पण एक फरक आहे आणि माझा सगळा लेख त्या फरकासाठी आहे. नॉर्वेत १९१७ पासून कायदा आहे. ज्या गावांच्या हद्दीतल्या नदीवर मोठं जलविद्युत केंद्र उभं राहतं, त्या गावांच्या पालिकांना त्या केंद्राच्या विजेतला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा जवळजवळ उत्पादन खर्चात द्यावा लागतो. पालिका तो स्वतः वापरते किंवा बाजारात विकून फरक खिशात घालते. शिवाय दरवर्षी वेगळं शुल्क असतं. म्हणजे डेन्मार्कला वीज गेली आणि दर चढला, तर डोंगरातल्या त्या पालिकेचंही उत्पन्न चढतं. शेजाऱ्याचा फायदा आणि गावाचा फायदा एकाच दोरीला बांधलेला. दक्षिण नॉर्वेतल्या शहरात बिलावरून बोंब झाली तरी धरणाच्या गावाला त्या केबलमध्ये स्वतःचं काहीतरी दिसतं.

नॉर्वे म्हणजे रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. सामी नावाचे तिथले मूळ रहिवासी आहेत, रेनडिअर पाळणारे. अल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध त्यांनी १९७९ पासून मोठं आंदोलन केलं आणि तरीही ते धरण झालं. फोसेनच्या पवनचक्क्यांनी सामींच्या हक्कांवर घाला घातला असं त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, त्यानंतरही चक्क्या फिरत राहिल्या. तेव्हा त्यांची आरती ओवाळायची गरज नाही. त्यांचा १९१७ चा एक कायदा मात्र उचलण्यासारखा आहे.

आपल्याकडे असे शेजाऱ्यांचे वीज-करार आहेत का? आहेत. आणि विदर्भात एक आहे ज्याबद्दल आमच्या लाल बाणवाल्यांनी कधी एक मेसेज टाकला नाही.

पेंच. नागपूर जिल्ह्यात रामटेक तालुक्यात तोतलाडोह धरण आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा हा संयुक्त प्रकल्प. वीजकेंद्र १६० मेगावॅटचं, ८० चे दोन संच. केंद्र महाराष्ट्राच्या हद्दीत, चालवतं मध्य प्रदेश, आणि विजेतले दोन वाटे मध्य प्रदेशाचे, एक वाटा महाराष्ट्राचा. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला अडवतात आणि तिथून नागपूर पाणी पितं, कालव्यांनी शेती भिजते, वीजकेंद्रांना पाणी मिळतं. म्हणजे नागपूरकर सकाळी जो ग्लास तोंडाला लावतो त्यातल्या पाण्याने आधी मध्य प्रदेशाचे दिवे लावलेले असतात. मला यात काहीही वावगं वाटत नाही. उलट हा शेजारधर्माचा नमुना आहे. नदी वरून येते, खोरं दोघांचं, वाटणी झाली, चाळीसेक वर्षं केंद्र चालू आहे. भांडणंही झाली. वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं, खाली येणारं पाणी आटलं, आणि जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह तळाला गेल्यावर नागपुरात एक दिवसाआड पाणी सोडायची वेळ आली. तरीही वीजवाटपाचा करार कुणी फाडला नाही.

पण त्या तळ्यावर मासे धरणारे लोक होते. तळ्याच्या भोवती दोन्ही राज्यांत राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे मासेमारी बंद. मध्य प्रदेशाने पेंचच्या जंगलात पूर्वी राहणाऱ्या ३०५ आदिवासींना तोतलाडोह जलाशयात मासे धरायचे परवाने दिले. त्याविरुद्ध खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९७ मध्ये न्यायालयाने कडक अटी घालून ते परवाने राहू दिले. हे प्रकरण कॉलेजात असताना पर्यावरणाच्या पेपरसाठी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परीक्षेपुरतं वाचलं. आता दोन गोष्टी शेजारी ठेवून बघतो. मेगावॅट वाटताना दोन सरकारांना न्यायालयात जावं लागलं नाही, टेबलावर बसून दोनास एक असं ठरलं. माशांसाठी मात्र ज्यांचं जंगल होतं त्यांचा प्रश्न दिल्लीला गेला. त्यांच्या नावावर विजेचा एक वॅटही नव्हता. असता, तर मासे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न कदाचित झाला नसता.

याहून मोठं उदाहरण उत्तरेला, नंदुरबारात. सरदार सरोवर म्हटलं की आपल्याला पाणी आणि आंदोलन आठवतं. विजेची वाटणी कुणाला आठवत नाही, म्हणून सांगतो. नर्मदा लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ चा. प्रकल्पाची वीजक्षमता १,४५० मेगावॅट, त्यात नदीपात्रातलं केंद्र १,२०० चं आणि कालव्याच्या तोंडाशी २५० चं. वीज कुणाला किती? मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७ टक्के, गुजरात १६ टक्के. गुजरातला पाणी भरपूर म्हणून वीज कमी. महाराष्ट्राला पाणी नावापुरतं, २८० लाख एकर-फुटांपैकी अडीच लाख एकर-फूट, म्हणून वीज बरी. व्यवहार म्हणून चोख. तीन शेजाऱ्यांमध्ये एवढी नीट वाटणी जगात फार ठिकाणी नसेल.

महाराष्ट्राला हे २७ टक्के का मिळाले? कारण महाराष्ट्राची जमीन बुडणार होती. कुणाची जमीन? अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतल्या ३३ आदिवासी गावांची. म्हणजे त्या ३३ गावांनी घरदार, वावर, जंगल, देव आणि स्मशान दिलं, आणि त्याच्या बदल्यात हिस्सा मिळाला तो मंत्रालयाला. त्या २७ टक्क्यांतला एक टक्का तरी त्या गावांच्या नावावर लिहावा, असं लवादाच्या दहा वर्षांच्या कामकाजात ठरलं नाही आणि नंतर आपल्या विधानसभेनेही ठरवलं नाही. लवाद बेपर्वा होता असंही नाही. त्याने त्या काळाच्या मानाने पुढचं लिहिलं होतं: जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, आणि पुनर्वसनाची सोय झाल्याशिवाय गाव बुडवायचं नाही. कागदावर हे सगळं होतं. पण ही झाली भरपाई. देणारा टाळू शकतो, रेंगाळू शकतो, यादीतून नाव उडवू शकतो, आणि ते सगळं घडलं. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या अवस्थेवर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी बँकेचा पैसा थांबला, धरण थांबलं नाही. विजेच्या वाटणीत असं रेंगाळणं झालं असतं, तर तीन राज्यांच्या ऊर्जा खात्यांनी एकमेकांना कोर्टात खेचलं असतं. सरकार सरकारला टक्केवारी बुडवू देत नाही. गावाला बुडवताना हाच चोखपणा कुठे जातो?

इथे बिलगावची गोष्ट सांगायलाच हवी. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात लोकांनी श्रमदान करून, केरळच्या तरुण इंजिनिअरांच्या मदतीने, धबधब्यावर पंधरा किलोवॅटचं छोटं वीजकेंद्र उभं केलं. जानेवारी २००३ मध्ये ते सुरू झालं. ‘स्वदेस’ सिनेमात शाहरुख गावात वीज आणतो ना, ती कल्पना याच्यावरून आली असं सांगतात. सिनेमा बघून माझ्यासारख्या कित्येकांनी इंजिनिअरिंगला जायचं ठरवलं असेल. सिनेमात शेवटी म्हातारीच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडतो. खऱ्या बिलगावात २००६ च्या पावसाळ्यात ते केंद्र सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेलं. १,४५० मेगावॅटच्या प्रकल्पाने पंधरा किलोवॅटचं केंद्र बुडवलं.

हिशोब करू, मला तेवढंच बरं जमतं. १,४५० चे २७ टक्के म्हणजे ३९१.५ मेगावॅट. त्यातला एक टक्का म्हणजे ३.९ मेगावॅट, म्हणजे ३,९०० किलोवॅट. भागिले पंधरा. दोनशे साठ बिलगाव! तुम्ही म्हणाल, जलविद्युत केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. मान्य. पाव धरा. तरी पासष्ट बिलगाव होतात आणि गावं होती तेहेतीस. महाराष्ट्राने आपल्या वाट्याच्या शंभर रुपयांतला एक रुपया बाजूला काढला असता, तर बुडालेल्या प्रत्येक गावामागे दोन वीजकेंद्रांएवढी वीज निघाली असती. एक रुपया. याला कुठल्या राज्याचं दिवाळं निघणार होतं? उलट त्या डोंगरातल्या अनेक पाड्यांनी वरून जाणाऱ्या लाईन बघत वर्षानुवर्षं चिमणीत घासलेट घातलं.

मी हे बोललो की पुण्यातले मित्र तीन गोष्टी म्हणतात. पहिली, अशाने प्रत्येक जण हिस्सा मागेल आणि वीज महागेल. प्रत्येक जण नाही मागणार, ज्याच्या अंगणात केंद्र आहे तो मागेल. आणि हिस्सा न देण्याचाही खर्च असतोच. आंदोलनं, स्थगित्या, वर्षानुवर्षं रखडलेली कामं यांचं व्याज शेवटी तुमच्याच बिलात येतं. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचा निम्न पैनगंगा प्रकल्प महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्रच्या १९७५ च्या करारातला. पन्नास वर्षं उलटली, बुडणारी गावं अजून विरोधात उभी आहेत. गावांना हिस्सेदार न केल्याची किंमत बघायची तर तिकडे या.

दुसरी गोष्ट, हे भारतात शक्य नाही. शक्य आहे, थोडंफार झालंही आहे. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात प्रकल्पाच्या राज्याला १२ टक्के मोफत वीज आहेच, वर स्थानिक विकासासाठी आणखी एक टक्का आहे, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला शंभर युनिट आहेत. खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे. भांडण एवढंच आहे की ते दहा वर्षांत का संपतं, पैसा कलेक्टरच्या टेबलावर का थांबतो, आणि औष्णिक केंद्राच्या राखेत राहणाऱ्या गावाला विजेतला हिस्सा का नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते: देशासाठी कुणीतरी त्याग करावाच लागतो. हे वाक्य बोलणाऱ्याच्या घराखाली आजवर कधी धरण आलेलं मी पाहिलं नाही. त्याग करणाऱ्याला विचारून केला तर त्याग, नाहीतर त्याला दुसरं नाव आहे.

हे सगळं कळंबला बसून लिहायचं कारण चंद्रपूर नाही आणि नर्मदाही नाही. कारण आता वीजकेंद्र आमच्याच दारात येतंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. सबस्टेशनच्या आसपास सौर प्रकल्प, त्यातून शेतीपंपाला दिवसा वीज. कल्पना झकास आहे. काकांची मागणी नेमकी हीच होती. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्याच्याकडे खडकाळ का होईना पण सलग जमीन आहे त्याला कपाशीपेक्षा हे परवडेल, आणि मला त्याचा आनंदच आहे.

पण सरकारी जमीन असेल तर? आमच्या भागात जिला ई-क्लास म्हणतात ती. नाममात्र एक रुपया वर्षाला. ई-क्लास कागदावर सरकारची, वापरात गावाची. तिथे गुरं चरतात, भूमिहीनांच्या शेळ्या जगतात, सरपण मिळतं. पाच मेगावॅटचा प्रकल्प वीस-पंचवीस एकर खातो. त्याबदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये मिळतात. किती वर्षं? तीन. कंपनीचा वीज विकायचा करार किती वर्षांचा? पंचवीस.

तीन आणि पंचवीस. बावीस वर्षं पॅनल चालणार, वीज विकली जाणार, आणि गाव बाहेरून कुंपण बघणार. नंदुरबारात जे २७ टक्क्यांत झालं तेच इथे छोट्या अक्षरांत लिहिलंय. आणि या वेळी बुडवणारी नदी नाही, लवाद नाही, शेजारचं राज्य नाही. करार अजून ताजा आहे आणि सरकार आपलंच आहे, त्यामुळे मुंबईकडे बाण दाखवून सुटका नाही.

पुन्हा हिशोब. आपल्याकडे एक मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला ढोबळमानाने पंधरा लाख युनिट देतो. पाच मेगावॅटचे पंचाहत्तर लाख. एक टक्का म्हणजे पंचाहत्तर हजार युनिट. तीन रुपये दराने सव्वादोन लाख रुपये वर्षाला, पंचवीस वर्षांत छप्पन लाख. दोन टक्के मागितले तर एक कोटी बारा लाखांच्या आसपास. समोर काय आहे, तर एकदाचे पंधरा लाख. आणि पैसा नकोच म्हणा, युनिट द्या म्हणा. गावातले रस्त्यावरचे दिवे आणि नळयोजनेचा पंप यांचं बिल थकतं आणि लाईनमन येऊन जोडणी तोडतो, हे कुठल्या गावाला सांगायला नको. ते बिल पंचवीस वर्षं गावाच्याच उन्हातून फिटलं पाहिजे. जास्तीची वीज खुशाल मुंबईला जाऊ द्या, सोलापूरवरून दक्षिणेला जाऊ द्या. मी त्या बाणाच्या आड येणार नाही.

कळंबहून वर्ध्याला रेल्वे सुरू व्हायला २०२४ उजाडलं. आमच्याकडे गोष्टी उशिरा येतात, त्यामुळे आली की लोक आधी हार घालतात आणि अटी नंतर वाचतात. सौर प्रकल्पाच्या बाबतीत तसं करू नका. आपल्या गावच्या ई-क्लासवर प्रकल्प येतोय का, ग्रामसभेचा ठराव झाला का, झाला असेल तर त्यात काय लिहिलंय, हे फोन बाजूला ठेवून एकदा पंचायतीत जाऊन विचारा. ठराव अजून झाला नसेल तर त्यात तीन वर्षांच्या जागी पंचवीस वर्षं आणि अनुदानाच्या जागी युनिटमधला हिस्सा एवढी दुरुस्ती मागा. शासन निर्णयात ती तरतूद नाही म्हणून ग्रामसेवक नाही म्हणेल. ती नसल्याचं त्याच्याकडून लेखी घ्या आणि तोच कागद जोडून आमदाराकडे जा. विषय ग्रामसभेत घ्यायचा अर्ज साध्या कागदावर चालतो, पोच मात्र न विसरता घ्यायची.